धुराड्यातला कोळसा

वेल्मीच्या घराला खेटून सोनं गाळायचं दुकान होतं. खाणीवाले पाऱ्यात कालवलेलं सोनं आणत, दुकानदार ते भट्टीत तापवी, आणि उडालेला पारा धुराबरोबर थेट वेल्मीच्या अंगणात उतरे. लेक मेइस्के पोटुशी राहून माहेरी आली, तेव्हा मात्र वेल्मीनं कंबर कसली.

करवंट्यांचा कोळसा करण्यातच त्याचा जन्म गेला होता. तोच कोळसा त्यानं पिंपात पुन्हा तापवून वाफेवर धरला. दाण्यादाण्याला नजरेला न दिसणारी भोकं पडली. पारा त्यांत अडकून बसतो. दुकानदाराशी हुज्जत घालून त्यानं तो धुराड्यात भरला. मेइस्के अंगणात खुर्ची टाकून बसू लागली. म्हाताऱ्याला धन्य वाटलं.

पाऱ्यानं भरलेला कोळसा काढून तो पोत्यांत घाली. पोती पुरायची होती, पण खड्ड्याचं सिमेंट आलं नव्हतं, म्हणून ती पडवीत पडली. बायकोला, डेट्येला, तो एवढंच म्हणाला, की या कोळशाचं काम संपलंय. पाऱ्याचं नाव त्यानं मुद्दाम काढलं नाही. पोर धसका घेईल म्हणून. असला शहाणपणा जाळायचाय काय?

मेइस्केच्या हिरड्यांतून रक्त येई, बोटं थरथरत. पहिलटकरणीला होतं असं, बायका म्हणाल्या.

एका संध्याकाळी पाऊस होता, दारं लावलेली. वेल्मी आत आला, तर मेइस्के मासळी भाजत विस्तवाला वारा घालत होती.

"हा कोळसा कुठला?"

"तुमच्याच पोत्यांतला," डेट्ये म्हणाली. "काळाकुळकुळीत कोळसा कुणी टाकतं का हो? महिनाभर हाच वापरतेय. तुमच्या हाताचा आहे, छान धगधगतो."

त्यानं विस्तवावर पाणी ओतलं, लेकीला भर पावसात बाहेर नेलं. कोळशाला कुबट वास मारतो, एवढंच सांगितलं.

मूल मेलेलंच जन्मलं. पुरून परतताना डेट्ये दुकानासमोर थांबली.

"तुझ्या धुरानं माझं नातवंड खाल्लं."

दुकानदार उंबऱ्यावर आला. बापडा वेल्मीकडे पाहत राहिला. धुरातला पारा केव्हाच थांबल्याचं वेल्मीइतकं आणखी कुणाला ठाऊक होतं? डेट्ये त्याच्या पायाशी थुंकली, आणि नवऱ्याकडे वळली. पारा घरच्याच विस्तवातून उडाला, हे खरं सांगितलं असतं, तर डेट्ये त्या रात्रीच संपली असती.

वेल्मीही थुंकला.