घड्याळ सांभाळणारा

स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की मेरिन नॅनकॅरोचे ओठ मिटायचे आणि मिटलेलेच राहायचे, 'म' काही केल्या सुटायचा नाही. आणि बाईसाहेबांना व्हायचं होतं वकील! पेन्झान्सला घरी तिची आई म्हणायची, "अगं, कागदावर तू वाघीण आहेस. मग कागदावरचीच वकिली कर की." मोठ्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची वकिली खरोखरच बरीचशी कागदावर चालते. अडचण एवढीच, की त्या कागदापर्यंत पोहोचायला आधी बोलावं लागतं.

लंडनच्या बड्या फर्म कुणाला असंच आत घेत नाहीत. आधी लांबलचक अर्ज, मग उन्हाळ्यात दोन आठवड्यांची व्हेकेशन स्कीम, म्हणजे फर्ममध्ये बसून काम करून दाखवायचं, आणि त्यातून जे नजरेत भरतील त्यांना ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे दोन वर्षं पदरी ठेवून सॉलिसिटर बनवायचं. मेरिनचं हे अर्जांचं तिसरं वर्ष होतं. 'आमचीच फर्म का?' या प्रश्नाच्या उत्तरात तिने आजवर इतक्या फर्मची इतकी तोंडभरून स्तुती केली होती, की राजदरबारचा भाटही ओशाळला असता. यंदा एका फर्मने स्कीमला बोलावलं. इथे नाही जमलं तर ट्रुरोच्या ज्या छोट्या ऑफिसात ती सध्या होती, तिथेच घरखरेदीची कागदपत्रं करत राहायचं, पुन्हा अर्ज करायचा नाही, असं तिने आईला सांगून टाकलं होतं.

दोन आठवडे बरे गेले. लिहून दिलेल्या कामाचं कौतुक झालं. पण शेवटच्या दिवशी गटचर्चा होती. सहा उमेदवार एका टेबलाभोवती, आणि भिंतीशी दोन परीक्षक. परीक्षक मधे बोलत नाहीत, वेळ संपली तरी सांगत नाहीत. नुसते लिहीत राहतात. ते काय लिहितात या विचारानेच निम्मे उमेदवार गार होतात.

म्हणून गटातला एकजण घड्याळ सांभाळतो. ते काम या वेळी डेरी शहरातून आलेल्या मॅलकी डेव्हलिनने घेतलं. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मी वेळ सांगत राहतो. माझ्याकडे दुसरं काही शहाणपण नाही." कोणी हसलं नाही. परीक्षकांसमोर हसावं की नाही, ते कोणत्याच मार्गदर्शनात सांगितलेलं नव्हतं.

हाती दिलेल्या कागदांवरून एका बिस्किटाच्या काल्पनिक कारखान्याची खरेदी ठरवायची होती. किमतीवरून ओढाताण सुरू झाली आणि मेरिन गप्प बसली. इथेच गंमत झाली. गप्प बसलेल्याला बोलतं केलं की गुण मिळतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे वाचलेलं होतं.

"मेरिनचं मत ऐकायला मला फार आवडेल," टोबायस म्हणाला.

"मी तेच म्हणणार होते!" जेमाइमा पुढे सरसावली. "मेरिन, तुझं म्हणणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं हं."

"तिला जरा जागा देऊ या," तिसरा म्हणाला, आणि जागा कशी द्यावी यावर स्वतःच बोलत बसला.

तिला बोलू देण्यासाठी अशी चढाओढ लागली, की तिला तोंड उघडायला फट मिळेना. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. इथे तर जो तो तिच्याच बोरांची जाहिरात करत होता.

खरं तर मेरिनकडे सांगण्यासारखं होतं. कारखान्याची जागा भाड्याची होती, आणि तो भाडेकरार पुढच्या वर्षी संपत होता. मागच्या पानावर बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. जागाच हातची गेली तर किमतीवर भांडून उपयोग काय?

"त्या जागेची म..." ओठ मिटले.

"मालकी?" टोबायसने लगेच हात दिला.

"मागणी? मोजणी?" जेमाइमाला राहवेना.

मेरिनचे कान तापले. 'जाऊ दे, काही नाही' हे शब्द तिला चांगले सवयीचे होते, ते कधी अडत नसत. ते ओठांवर आलेच होते, तेवढ्यात मॅलकी म्हणाला, "थांबा रे. कोडं नाही घातलेलं तिने." मग तिच्याकडे वळून सहज म्हणाला, "बोल तू. वेळ आहे."

तो थांबला. डोळे मोठे करून नाही, मान डोलवून नाही. बस यायची आहे आणि ती येणारच आहे, तसा थांबला. बाकीच्यांनाही थांबावं लागलं. खोलीत नुसती पेनांची खरखर ऐकू येत होती.

"मुदत," मेरिन म्हणाली. मग पुढचं सगळं अडखळत, पण शेवटपर्यंत बोलली. सगळे मागचं पान उलटू लागले. टोबायसने कपाळाला हात लावला.

चार दिवसांनी ट्रुरोच्या ऑफिसात फोन वाजला. फर्मच्या भरती विभागातल्या फेनेला रॉस बोलत होत्या. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं. मेरिनला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"मागचं पान फक्त तुम्ही वाचलंत," फेनेलाबाई म्हणाल्या. "गटाचं म्हणाल तर वेळ पाळली गेली नाही. तुमचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच वेळ संपली होती. त्याचा फटका घड्याळ सांभाळणाऱ्याला बसला, दुसरं काय."

मेरिनचं हसू थांबलं. "त्याने घड्याळ... माझ्यासाठी... त्याला माहीत होतं," ती म्हणाली. नुकतंच हाती आलेलं दान धरून अशा वेळी गप्प बसावं, हे तिला कळत होतं. तरी ती बोलत राहिली. अडली, पुन्हा बोलली. "वेळ आहे असं तो म्हणाला, म्हणून मी बोलू शकले. हे तुमच्या कागदावर लिहा. प्लीज."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "लिहिते," फेनेलाबाई म्हणाल्या. "पण निकाल लागलेत, मेरिन. ते बदलणार नाहीत."

स्कीमच्या मुलांच्या ग्रुपमध्ये मॅलकीचा नंबर होता. फोनचा तिला आयुष्यभराचा धसका. मेसेज टाकला असता तर सोपं होतं. तिने फोनच लावला.

"हॅलो?"

मेरिनचे ओठ मिटले. स्वतःचं नावही निघेना आणि त्याचंही निघेना. एवढ्या वेळात लोक 'राँग नंबर' म्हणून ठेवून देतात. आईसुद्धा एकदा ठेवून बसली होती.

फोन ठेवला गेला नाही. पलीकडे किटली उकळत होती, कोणीतरी कप धूत होतं.

"मेरिन ना?" मॅलकी म्हणाला. "तुला मिळालं असणार. मला सकाळीच नकार आला. लीड्सला सप्टेंबरमध्ये दुसरी मुलाखत आहे, तिथे मी घड्याळाला हात लावणार नाही, शप्पथ."

ती रडत रडत हसली. "मी काहीतरी कामाचं बोलेन हे तुला ठाऊक होतं?"

"छे गं. मला वाटलं, चहा मागशील."

तिला एकच शब्द बोलायचा होता, आणि तो नेमका घशात रुतून बसला होता. ती झगडत राहिली. मॅलकीने तो शब्द ओळखला असणारच, पण त्याने तो तिच्या तोंडचा काढून घेतला नाही. किटली बंद झाल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा.

"बसलो मी," तो म्हणाला. "आज खरंच वेळ आहे."