बिलूबेरीची आंबट माती

"ताक तुमी प्याला का त्या झाडाला पाजलं, येवडंच सांगा!" सोजरबाईनं रिकामं मडकं नवऱ्याच्या, महिपतीच्या, नाकापुढं धरलं.

"मी कशाला पितुया? त्येला पाजलं." महिपतीनं खुरपं खाली ठेवलं नाही. "पिवळं पडलंय बिचारं."

"मी बी पिवळी पडले हुते गेल्या साली. तवा न्हाय पाजलं कुनी!"

भांडण अडीच हात जमिनीचं होतं. न्हाणीचं पाणी जिथं मुरायचं तेवढाच परसातला तुकडा बारमाही ओला. बाकीचं परस असं, की कोंबडी उकरायला गेली तर तिचीच नखं झिजायची. त्या ओल्या तुकड्यात सोजरबाई चुका अन् मेथी लावायची आणि कालवणासाठी कुणाच्या दारी जायची नाही. मार्गशीर्षात महिपतीनं तिथला चुका उपटला आणि हे झुडूप आणून उभं केलं.

महिपती सोलापुरात एका रेल्वेच्या साहेबाकडं माळी होता. साहेबानं बोटीनं सहा झुडपं मागवली होती. पाच कुंडीतच मेली. साहेब विलायतेला निघाला तेव्हा सहावं धुगधुगी धरून होतं. "फेकून दे," साहेब म्हणाला. "ब्लूबेरी आहे. निळं फळ येतं. पण हिला आंबट माती लागते. तुमच्या मुलखात नाही येणार."

'तुमच्या मुलखात नाही येणार' हे महिपतीला बापावरच्या शिवीसारखं लागलं. आगगाडीत बिलूबेरीला खिडकीपाशी बसवून, स्वतः उभा राहून तो मोहोळला उतरला आणि वाडीवर आला.

सोजरबाईनं आबासाहेब पाटलांच्या समोर मुदत घातली. "मिरगापातुर फळ दिसलं तर जागा त्येंची. न्हाय दिसलं तर झाड माज्या चुलीत आन चुका माज्या जागंत."

पाटील "बरं" म्हणाले. म्हणजे ठरलं.

महिपतीनं खड्ड्यातली चुनखडीची काळी माती उपसली. कुजवलेला चिंचेचा पाला भरला, कैरीच्या साली भरल्या, वरून ताक. आता माती आंबट झाली का, हे कळावं कसं? साहेबाकडं त्याची कसलीतरी नळी होती. महिपतीकडं जीभ होती, पण तीस वर्षं तंबाखू चघळून तिला चुना आणि साखर एकच लागायची. सोजरबाईला विचारलं तर ती म्हणाली, "तुमीच खावा माती. सवय हाय की तुमास्नी."

तेवढ्यात कुडावरून शेजारच्या चंद्रव्वाची सून फुलाबाई डोकावली. तिला तिसरा महिना होता. "मामा, मी बघू का?"

महिपतीला पटलं. गरवार बाईइतकी आंबटाची पारख कुणाला? आणि मातीची तरी कुणाला?

फुलाबाईनं चिमूट जिभेवर ठेवली. डोळे मिटले. "ताक आजून पायजे. चिंच बी कमी हाय."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता झॅक. जरा मीट टाकलं तर..."

"फुले, झाडाला मीट चालत न्हाय."

"मग ऱ्हाऊ द्या," फुलाबाई पडेल आवाजात म्हणाली.

आठ दिवसांत खड्डा वीतभर खोल गेला. महिपतीला वाटलं, घूस लागली. भर दुपारी काठी घेऊन दबा धरला, तर घूस लुगडं नेसून आली होती.

मग चंद्रव्वा आली. ती मूळची मैंदर्गीकडची, रागावली की कानडी व्हायची. "अय्यो शिवा! माज्या सुनंला अंबाड्याची भाजी केली तर म्हनती आंबट न्हाय. हुळी इल्ल, म्हनती! आन तुजी माती ग्वाड लागती तिला! काय घातलास त्यात?"

"तुमीच बघा की."

चंद्रव्वानं बघितली. आणखी एक चिमूट घेतली. मग पदराचं टोक पुढं करून म्हणाली, "जरा घाल ह्यात."

महिपती रोज माती भरत होता, फुलाबाई रोज उपसत होती, आणि अशा खोदणीनं म्हणा की ताकानं, झुडूप हिरवं झालं. त्याला टपोरी फुलं आली. सगळी गळली. एक राहिलं.

मृगाच्या सकाळी अख्खी वाडी परसात. झाडावर एक फळ. निळं, करवंदाएवढं.

"हे बघा फळ!" महिपती म्हणाला.

"येक!" सोजरबाईनं बोट नाचवलं. "येका वांग्याला कुनी बाजार म्हनत न्हाय, पाटील!"

आबासाहेब पेचात पडले. सून दुर्गा मागं उभी होती, तिच्यादेखत चूक नको. "चव बघून सांगतो," म्हणत त्यांनी फळ खुडलं आणि तोंडाशी नेलं.

"मला खावंसं वाटतंया," फुलाबाई म्हणाली.

पाटलांचा हात हवेत थांबला. पोटुशीचे डोहाळे मोडले तर लेकराचे कान फुटतात, हे पाटलालाही लागू असतं. त्यांनी फळ तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते खाल्लं. वाडीनं तिच्याबरोबर आवंढा गिळला.

"कसं हाय गं?" महिपतीचा जीव कानांत आला होता.

"मामा, आनखी येक."

"कुटलं आनखी!" सोजरबाई पुढं झाली. "मिरग हाय, झाडावर फळ न्हाय. समद्यांनी बघितलं!" आणि तिनं दोन्ही हातांनी झुडूप बुडाशी धरलं.

"मामंजी," मागून दुर्गा म्हणाली. सासऱ्याशी ती चारचौघांत कधी बोलत नसे. "मला बी."

"तुला बी काय?"

"खावंसं वाटतंया." तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. "आन... ती माती बी."

दुर्गाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. आबासाहेब होते तिथं चिखलात बसले. मग उठले, पटका सारखा केला, आणि नाक ओढत म्हणाले, "सोजरबाई, झाडाला हात लावायचा न्हाय."

"आन माजा चुका?"

"आमच्या मळ्यात पाटाकडंचं दोन वाफं घे."

सोजरबाईनं मूठ सैल केली नाही. "आन ह्येला ताक?"

"आमच्या घरनं यील. रोज घागरभर."

सोजरबाईनं फुलाबाईकडं बघितलं, दुर्गाकडं बघितलं, खड्ड्याच्या खोलीकडं बघितलं.

"घागरभर न्हाय पुरायचं, पाटील," ती म्हणाली. "दोन धाडा. खानाऱ्या दोन झाल्या."

आणि तिनं झाड सोडलं.