उपासापुरती घरातली

मी एक म्हातारी कुत्री आहे. जवळ येऊ नका, तिथूनच ऐका. अशी गोष्ट सांगताना सुरुवातीला 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणते: मित्रांनो. मनात मात्र तसं काही नाही. माझ्या आयुष्यात माणसं पुष्कळ आली. त्यांतली मित्र म्हणावीत अशी मोजायला एक पंजाही जास्त होतो.

जातीनं मी लॅब्रॅडॉर. रंग बिस्किटाचा, पण आता तोंड पांढरं झालंय आणि सकाळी उठताना मागचे पाय कुरकुरतात. माझा जन्म मालेगावच्या अलीकडे, हायवेलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथं माझी आई पिंजऱ्यात असायची. ती पिंजऱ्याबाहेर आलेली मी कधी पाहिली नाही. मी जेमतेम धावायला लागले, तोच एका माणसानं मला मानेला धरून उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि "हीच द्या" म्हणाला. आईकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. पिल्लू घ्यायला जाणाऱ्यानं आधी त्याची आई बघावी. ती कशी राहते, काय खाते, तिच्या बरगड्या मोजता येतात का, हे बघावं. पण वांगी घेताना जो माणूस चारदा दाबून बघतो, तोच कुत्रं घेताना आंधळा होतो.

त्या माणसाचं नाव दीपक. नाशिक रोडला जेलरोडच्या एका कॉलनीत त्याचं रो-हाऊस आहे. घरात तो, त्याची बायको उज्वला आणि त्याची आई कुसाबाई. कुसाबाई वणीजवळच्या खेड्यातली, नवरा गेल्यावर लेकाकडे राहायला आलेली. मी आले त्याच्या पुढच्या वर्षी दीपक-उज्वलाला तेजस्विनी झाली. तेव्हा कुसाबाईनं सुनेला डिंकाचे लाडू घातले, अळिवाची खीर घातली, बाजरीची भाकरी तुपात बुडवून दिली. नवरात्र आलं तेव्हा उज्वलाला उपास करू दिला नाही. "बाळंतिणीला उपास नसतो, घटाला नुसता नमस्कार कर," म्हणाली. ते लाडू मला कुणी दिले नाहीत, पण त्यांचा वास अजून नाकात आहे.

दीपकनं माझं नाव ठेवलं जेनी. कुसाबाईच्या जिभेला ते वळेना, ती मला जनी म्हणू लागली.

दीपकला माझ्यापेक्षा माझी मिरवणूक प्यारी. त्यानं मला शिकवलं काय, तर शेकहँड. हातात गुंडाळलेला पेपर घ्यायचा, "जेनी, शेकहँड" म्हणायचं आणि पंजा वर आला नाही की पेपर नाकावर. चार पोळीच्या तुकड्यांवर जे मी एका दुपारी शिकले असते, ते त्यानं महिनाभर मारून शिकवलं. पाहुणे आले की मी पंजा द्यायची, पाहुणे वा वा करायचे आणि छाती याची फुगायची. बोलावलं की यावं, रस्त्यानं ओढाओढ न करता चालावं, हे शिकवायचा मात्र त्याला कंटाळा. फिरायला न्यायचा ते शेजारच्या लताबाईंच्या फाटकापर्यंत. तिथं मी बसले की हा मोबाईलमध्ये तोंड घालून उभा. बरोबर पिशवी कधी आणली नाही. सकाळी लताबाई फाटक उघडायच्या आणि शिव्या मला द्यायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. घाण मी केली हे खरं, पण पिशवी मी कुठून आणू?

लहानपणी मला लसी टोचल्या होत्या. टोचणाऱ्या डॉक्टर अलिशा; त्यांचा दवाखाना आमच्या कॉलनीपासून लांब नाही. रेबीजची लस दर वर्षी द्यायची, असं त्यांनी दीपकला बजावलं होतं. तो पुढच्या वर्षी गेला नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षीही गेला नाही. "घरातच तर असते, तिला कोण चावणार?" हे वाक्य लक्षात ठेवा. ते माझ्या जिवावर उठणार आहे.

दीपकला एक खोड होती. शब्द द्यायची. उचलली जीभ लावली टाळ्याला. साडूकडे जेवायला गेला की "जेनीचं पहिलं पिल्लू तुम्हाला." लग्नाच्या मांडवात कुणी ओळखीचं भेटलं की "तुम्हालाही एक ठेवतो." पिल्लू नुसतं देऊन टाकलं की चार लोकांत आपला मान वाढतो, हे त्याला कळलं होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. पोट माझं आणि शब्द याचा.

माझं अंग पुरतं भरलंही नव्हतं. पहिल्यांदा माजावर आले तशी मला गाडीत घालून अमितकडे नेलं. अमित दीपकचा मित्र, त्याच्याकडे लॅब्रॅडॉर कुत्रा होता. तो कुत्राही त्याच पत्र्याच्या शेडमधून आणलेला. आम्हा दोघांची आई एकच होती. मला ते वासावरून कळलं. माणसांना नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं. कुणी विचारलं नाही. त्या खेपेच्या पिल्लांतलं एक मागचा पाय फरफटत चालायचं. ते ज्याच्या घरी गेलं तिथं त्याचं काय झालं, हे दीपकनं पुढं कधी विचारलं नाही. शब्द पाळला की त्याचं काम संपलं.

एकदा झालं, दोनदा झालं, शब्द काही संपेनात. तिसऱ्या खेपेला श्रावण लागला तेव्हा मी गाभण होते.

श्रावण लागला की त्या घरात अंडं-मटण बंद. मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसरा होईस्तोवर घरात तसलं काही शिजत नाही. सप्तशृंगी त्यांचं कुलदैवत आणि कुसाबाई पाळायला कडक. त्यांचं त्यांनी खुशाल पाळावं, माझी ना नाही. पण एरवी मला रोज अंडं मिळायचं, रविवारी कोंबडी मिळायची, तेही बंद झालं. उज्वलाला ते पटत नव्हतं. ती एकदा म्हणाली, "आई, जेनीला तरी अंडं देऊ का? मागच्या बाजूला उकडून देते."

"नको गं बाई," कुसाबाई म्हणाली. "जनी काय परकी हाय का? घरातलीच हाय ती. घरानं पाळलं का तिनंबी पाळायचं."

ऐकायला किती गोड वाटतं ना? घरातलीच. त्या गोड शब्दानं माझी हाडं पोखरली.

पितृपक्षात मी व्याले. सात पिल्लं झाली. पितरांच्या नावानं कुत्र्याला घास घालतात, तसा मलाही एक दिवस खीर-वड्यांचा घास मिळाला. कुसाबाईनं हात जोडून वाढला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दूध आणि पोळी. सात तोंडं माझ्या अंगाला लुचत होती आणि मी दूध-पोळीवर होते. घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शेजारणी म्हणायच्या, "बघा बाई, मुकं जनावर, पण किती शुद्ध राहतं." मला त्या शेजारणींना चावावंसं वाटायचं.

नवरात्राची सहावी माळ होती. सकाळची आरती आटोपून कुसाबाई घटापुढं झेंडूची माळ ओवत बसली होती. मी मागच्या अंगणात जाळीच्या आत होते, उघड्या दारातून ती मला दिसत होती. उठल्यापासून मला धाप लागली होती. पिल्लं जवळ आली की नकोशी वाटत होती. पाणी प्यायला उठले तर पाय काठीसारखे ताठ झाले आणि मी कोसळले. तोंडाला फेस आला, सगळं अंग थडथड उडायला लागलं. माझ्या अंगाखाली एक पिल्लू सापडलं होतं. ते मला कळत होतं आणि मला हलता येत नव्हतं. याच्यापुढं त्याबद्दल मी तुम्हाला काही सांगणार नाही. तो हक्क तुमचा नाही.

दीपक आला. मला बघून त्याचा चेहरा पडला. "पिसाळली," तो म्हणाला आणि जाळीचं दार बाहेरून ओढून घेतलं. चुकवलेल्या लसी त्याला बरोबर तेव्हा आठवल्या. लस चुकवली त्यानं आणि पिसाळले मी. कोपऱ्यातली काठी हातात घेऊन त्यानं अमितला फोन लावला. "तुझ्या ओळखीचा तो माणूस लगेच पाठव. इंजेक्शन देऊन संपवून टाकू हिला. पिल्लं तरी वाचतील, मी लोकांना शब्द दिलाय." मी तिथं मरत होते, आणि त्याला आठवत होता शब्द.

उज्वला त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिनं सरळ डॉक्टर अलिशांना फोन केला आणि स्पीकर लावला.

"पिल्लं केवढी आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन आठवड्यांची होतील."

"हिला खायला काय देताय?"

उज्वला अडखळली. "दूध-पोळी. आमच्याकडे नवरात्र आहे ना."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी पितृपक्ष होता. त्याआधी गणपती, श्रावण."

मग डॉक्टर म्हणाल्या, "अहो, ती बाळंतीण आहे. अंगातलं सगळं कॅल्शियम दुधावाटे पिल्लांना गेलंय. मला हे पिसाळणं वाटत नाही. तरी तोंडाजवळ हात नेऊ नका. वरून जाड पांघरूण टाका, पिल्लं बाजूला करा आणि आत्ताच्या आत्ता घेऊन या. तासभर घालवलात तर हाताला लागणार नाही ती."

कुसाबाईच्या हातातली माळ अर्धीच राहिली.

"बाळंतिणीला उपास घातला मी," ती म्हणाली. कुणाला म्हणून नाही, आपल्याशीच. मग ती उठली. माळ ओवता ओवता घटापुढून उठताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खाटेवरची गोधडी ओढून ती मागं आली.

दीपक दारात आडवा झाला. "आई, हात लावू नकोस तिला. चावेल."

"सर बाजूला. घरातली हाय ना ती? का उपासापुरतीच घरातली?"

सासू-सुनेनं गोधडीत गुंडाळून मला उचललं. माझं वजन काही थोडं नव्हतं आणि कुसाबाईचे गुडघे दुखतात. दीपकला काठी टाकून गाडीची किल्ली घ्यावीच लागली.

दवाखान्यात पुढच्या पायाला सुई लावली आणि औषध थेंब थेंब सोडलं. डॉक्टर अलिशा सगळा वेळ कानातली नळी माझ्या छातीला लावून बसल्या होत्या. हळूहळू थडथड थांबली. मला श्वास घेता येऊ लागला. कुसाबाई बाकावर बसून रडत होती, पदरानं तोंड दाबून.

"आजी, आमच्यातसुद्धा बाळंतिणीला रोजा माफ असतो," डॉक्टर म्हणाल्या.

"आमच्यातबी उपास माफच असतो बाई," कुसाबाई म्हणाली. "मी तिला बाळंतीण धरलीच नाय."

बघा, मित्रांनो. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी खरं बोललं असेल तर ते हे.

डॉक्टरांनी दीपकला समोर बसवलं. ही हिची शेवटची पिल्लं, म्हणाल्या. पुन्हा अशी वेळ आली तर ती जगेल असं त्या सांगू शकत नव्हत्या. पिल्लं सुटी झाली की ऑपरेशन करून टाका आणि लस आता एकही वर्ष चुकवू नका. दीपक खाली बघत पुटपुटला, "पण डॉक्टर, मी अमितच्या साहेबांना शब्द दिलाय, पुढच्या वेळचं..."

"शब्द तू दिला ना?" कुसाबाई म्हणाली. "मंग पिल्लंबी तूच घाल."

दवाखान्यातला कंपाउंडर हसला. दीपक नाही हसला.

सहा पिल्लं बाटलीवर वाढली. न्यायला माणसं आली तेव्हा दारात कुसाबाई बसलेली. आधी प्रत्येकाला माझ्यासमोर उभं करायची. "ही आई हाय त्याची. हिला बघा, मंग पिल्लू बघा." मग विचारायची, ठेवणार कुठं, खायला काय घालणार, घरात माणूस कोण असतं. पुढची वेळ आता येणार नव्हती, म्हणून अमितचे साहेबही याच पिल्लांतलं एक न्यायला आले. म्हणाले, मळ्यावर राखणीला बांधून ठेवू. कुसाबाई म्हणाली, "मळ्याला कुलूप लावा, स्वस्त पडंल." ते रिकाम्या हातानं गेले. दीपकचा शब्द त्या दिवशी गेला आणि त्याचं नाक काही गळून पडलं नाही.

माझं ऑपरेशन झालं. आता दर वर्षी लस टोचतात. दीपक फिरायला नेतो तेव्हा खिशात पिशवी असते, कारण निघताना उज्वला त्याचा खिसा तपासते. आणि घट बसले की कुसाबाई मागच्या अंगणात जुन्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात माझं अंडं उकडते. उकडताना सप्तशृंगीच्या गडाच्या दिशेला बघून म्हणते, "आई, लेकुरवाळी व्हती, आता म्हातारी हाय. तुला समजतंय." मग सोलून माझ्यापुढं ठेवते आणि आंघोळीला जाते.

शेवटी काहीतरी शिकवण द्यावी लागते, तर घ्या. मला तुमचं प्रेम नको. प्रेम दीपकचंही होतं, फोटो ढिगानं आहेत. कुत्रं घरातलं म्हणायचं असेल तर पूर्ण म्हणा. त्याच्या आजाराला, म्हातारपणाला, बाळंतपणालाही म्हणा. ते होणार नसेल तर आणूच नका. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तुमच्यावाचून जगतात.

मी माफ केलं का? नाही. सातवं पिल्लू अंगणात पेरूखाली पुरलंय, मी दुपारी तिथंच झोपते. दीपक कधीकधी येऊन समोर बसतो. हातात पेपर नसतो. तळहात पुढं करून हळूच म्हणतो, "जेनी, शेकहँड." मी तोंड फिरवते. कुसाबाई येऊन बसली की तिच्या मांडीवर पंजा ठेवते, न मागता. तो ते बघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतो.

मागू दे.