नाव पडायच्या आधी

सकाळी उपग्रहाच्या चित्रावर तो ढगांचा पुंजका अगदीच बापुडवाणा दिसत होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "बोटींना कळवायचं का?"

"बघू. थांबू थोडं," म्हातारा म्हणाला आणि त्याने चहा घेतला.

हवामान कचेरीत त्याला सगळे म्हाताराच म्हणत. निवृत्तीला अवकाश होता, पण बायको गेली आणि तो एका वर्षात उतरला. बंदरावर मात्र त्याचं नाव वेगळं होतं: पळापळा. या मोसमात वादळांची नुसती रांग लागली होती. जरा कुठे ढग जमला की हा वायरलेसवर बोटींना माघारी बोलवायचा. एक वादळ भलतीकडे वळलं, दुसरं वाटेतच विरलं. रिकाम्या बोटी धापा टाकत बंदरात आल्या तेव्हा लख्ख ऊन पडलेलं. लोक हसले. ते त्याला लागलं होतं.

दुपारी डबा खाऊन तो खुर्चीत परत आला तर पुंजक्याला पीळ बसला होता आणि मधोमध काळं भोक पडलं होतं. वादळाचा डोळा. इतक्या झटपट उघडलेला डोळा त्याने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

त्याने वायरलेस ओढला. बोटींचा म्होरक्या म्हणजे त्याचा मेहुणा. तो वळला की सगळे वळत.

"ताबडतोब फिरा. मोठं वादळ आहे."

"आलं का दाजींचं वादळ?" मेहुण्याच्या मागे कुणीतरी खिदळलं. मेहुण्याने पुढे विचारलं, "नाव काय ह्याचं?"

"अजून पडलेलं नाही. सकाळी हे नव्हतंच."

"बिननावाच्या पाहुण्यासाठी भरली जाळी सोडू? यादीतली नावं संपली असतील तर माझं द्या. घरात मला वादळच म्हणतात."

"अरे, चेष्टा नाही ही. मी सांगतोय ते ऐक."

"दरवेळी ऐकलंच की. जाळी ओढून होऊ द्या, मग बघू."

म्हाताऱ्याची बायकोही इथेच नोकरीला होती आणि याच खुर्चीत बसून बोटींशी बोलायची. तिने कधी हुकूम सोडला नाही. ती आधी विचारायची. त्याला राग यायचा. चित्र समोर दिसतंय, मग वेळ कशाला घालवतेस, म्हणायचा. "आपल्याला दिसतंय. त्यांना कुठे दिसतंय?" ती म्हणायची.

त्याने बटण दाबलं. "बरं, राहू दे. पाणी कसं आहे ते सांग."

वायरलेस खरखरला.

"ताईसारखं विचारताय," मेहुणा म्हणाला.

"सांग ना."

"वारा पडलाय. लाट उंच नाही, पण जड आहे. लांबून येतेय, बोट खालून उचलते. मघापासून एकही पक्षी दिसला नाही, दाजी." मग तो आपल्या माणसांवर ओरडला, "कापा जाळी. ओढत बसू नका, कापा."

बोटी वळल्या. बाईंनी डोळे पुसले.

तेवढ्यात नवं चित्र आलं. वादळाने किनाऱ्याकडे ढगांचा हात पसरला होता आणि बंदराची वाट त्या हाताखाली गेली होती. मागे डोळा, पुढे हा हात. दुसरं बंदर जवळपास नव्हतं. सकाळी निघाल्या असत्या तर एव्हाना बोटी धक्क्याला लागल्या असत्या.

बघू, थांबू थोडं. बायकोच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा डॉक्टर हेच म्हणाले होते, अगदी याच शब्दांत.

"दाजी, पुढेही काळं दिसतंय. सरळच येऊ ना?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तो चित्राकडे बघत होता.

"सरळ ये. एकमेकांना सोडू नका," तो म्हणाला. "पाणी कसं आहे?"

"उभं राहतंय आता."

"मी आहे इथे. बोलत राहा."

मेहुणा बोलत राहिला. वाऱ्यात निम्मं ऐकू येईना. मग काहीच ऐकू येईना.

बाहेर कचेरीच्या खिडक्या वाजायला लागल्या. बाईंनी वरून आलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. वादळाला नाव मिळालं होतं. मेहुण्याने विचारलं होतं, म्हणून त्याने ते वायरलेसवर सांगितलं. पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं. मग बटण सोडलं आणि खरखर ऐकत बसला.