वायरींना बांधलेली लोकर

मित्रांनो, मी नारीन गावातली एक जुनी व्होल्गा मोटार आहे. जुनी म्हटलेले मला चालते. भंगार म्हटलेले चालत नाही.

माझा जन्म दूर रशियातल्या कारखान्यात झाला. नाकावर धातूचे हरीण मिरवत मी इकडे डोंगरात आले. आधी सरकारी साहेबांना फिरवले, मग बुरूल अपाच्या नवऱ्याने मला घरी आणले. अपा म्हणजे आई. माझ्या मागच्या सीटवरून नव्या नवऱ्या आल्या, बाळंतिणी आल्या, एकदा तर मेंढ्या आल्या आणि त्यांनी जे केले ते मी सांगणार नाही. प्रवासाला निघण्याआधी अपा पळीत अर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या एका सुगंधी झाडाच्या, डहाळ्या पेटवून मला धुरी द्यायची, दृष्ट लागू नये म्हणून. आधी चाकांना, मग दारांना, शेवटी आत वाकून स्टिअरिंगखाली. मला ते फार आवडायचे.

पुढे अपाचा नवरा गेला आणि मुलगा मेलिस मला चालवू लागला. मीही थकले होते. वायपरचे बटण दाबले की हॉर्न वाजायचा. दिव्यांची खुंटी ओढली की मनात असेल तर उजेड. फ्यूज जळला की मेलिस सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून वेळ मारून न्यायचा. गेल्या उन्हाळ्यात जैलूला, म्हणजे वरच्या कुरणावर, जाताना घाटातल्या लांब बोगद्यात माझे सगळे दिवे गेले. समोरून आलेला ट्रक माझा आरसा घेऊन गेला. थोडक्यात वाचलो.

यंदा जैलूचे दिवस आले तसा मेलिसने निकाल दिला. "रविवारी हिला बाजारात नेतो. सुटे भाग करून विकतो. अपा यंदा घरीच बसेल."

अपा जन्मात कधी उन्हाळ्यात घरी बसली नव्हती. त्या रात्री ती जेवली नाही.

बोलली ती सून चिनारा. "रविवारपर्यंत ही माझी."

"तुझी? तू लोकरीच्या नमद्याचे गालिचे शिवतेस."

"तुझी पँटही मीच शिवते. तेव्हा नाही विचारलंस ते?"

चिनाराचा बाप ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आणि ती त्याच्या हाताखाली वाढलेली. तिने सर्वात आधी बॅटरीची तार सोडवली. मग डॅशबोर्डची पट्टी काढली. कुठली वायर कशाची हे विसरू नये म्हणून तिने गालिच्याची लोकर आणली आणि दिव्यांच्या वायरींना लाल, वायपरला पिवळी, हॉर्नला निळी गाठ मारली. जुनी वायर वाकवली की वरचे रबर वाळक्या भाकरीसारखे तुटून पडे. दिव्यांच्या खुंटीमागचे पितळ झिजून गेले होते. आणि त्या पितळावर, वायरींच्या गुंत्यात, राख होती. करपलेली अर्चाची पाने होती.

वर्षानुवर्षे धुरीतले निखारे तिथे पडत होते. माझ्या वायरी मायेनेच भाजल्या होत्या.

"आता सांग अपाला," मेलिस म्हणाला. "का मी सांगू?"

"तू गप्प बैस," चिनारा म्हणाली. त्या घरात सुनेने सासूची चूक तोंडावर काढायची नाही, ही रीत. तिने राख पुसली नाही. अपाला हाक मारली. "अपा, जरा टॉर्च धरता का? मला दोन हात पुरत नाहीत."

अपा गुडघे धरत वाकली. टॉर्चचा उजेड आत पडला आणि तसाच थांबला.

"ही राख माझी," ती म्हणाली. "मी हिला जपत होते गं."

"म्हणून तर इतकी टिकली, अपा."

"खोटं बोलू नकोस. ती वायर इकडे दे, मी धरते."

मग दोघींनी मिळून दिव्यांना जाड वायरी ओढल्या, धातूच्या कडेला घासतील तिथे नळी चढवली, नवी खुंटी आणि खरे फ्यूज बसवले. बोटे सोलली, पण अपा उठली नाही. मेलिसचा चांदीचा कागद तिने चुलीत टाकला.

रविवारी मी बाजाराकडे नाही, घाटाकडे निघाले. अपाने धुरी दिली, ती बाहेरूनच. चिनारा चालवत होती. बोगद्यात शिरताना मेलिसने दाराची कडी घट्ट धरली होती.

मध्यावर पुढे मेंढरे लागली. त्यांचा घोडेस्वार धनगर ओरडला, "वहिनी, पुढं जाऊ नका. मागं राहा आणि दिवे चालू ठेवा. ट्रकवाल्यांना आम्ही दिसत नाही."

आम्ही मागे राहिलो. मेंढरांच्या चालीने मी सगळा बोगदा चालले. मागून ट्रक आला. माझे लाल दिवे पाहून त्याने ब्रेक मारला आणि तोही हळूहळू येऊ लागला. मी एकदाही डोळा मिटला नाही. बाहेरच्या उन्हात धनगराने अपाला छातीवर हात ठेवून सलाम केला. मेलिसने खाली उतरून माझे मागचे दिवे बाहीने पुसले, आणि बाजाराचे नाव पुन्हा काढले नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर माया आहे त्याला नुसते ओवाळू नका, पट्टी काढून आतही बघा. झिजले असेल ते बदला. वायर बदला, बटण बदला. मला बदलू नका.