मीरिमचा पायबंद

हा नान हातात धरून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलले तर हाच नान मला मारो!

आमची सून बुरुल बाळंतपणाला खाली शहरात गेली. मुलगा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात. मागे उरले मी, पाच दुभत्या घोड्या आणि पाच वर्षांची नात मीरिम. घोडी म्हणजे गाय नव्हे बरं. दर दोन तासांनी पिळावी लागते, नाहीतर आठवड्यात आटते. आटली की तिच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस नाही, आणि नव्या बाळाच्या पाहुण्यांपुढे रिकाम्या वाट्या. जाताना बुरुलने बजावलं होतं, "आई, गप्पांत रमाल आणि घोड्या आटवाल!"

गप्पांना वेळ कुठला! मीरिमला एकटीनं खेळणं ठाऊकच नाही. "आजी, बघ! आजी, इकडे! आजी, आता बघ!" घागऱ्याला लोंबकळत घोडीपर्यंत यायची. करड्या घोडीनं एकदा बादली उडवली, दुसऱ्यांदा तिची लाथ पोरीच्या कानाजवळून गेली.

मग दह्याच्या गोळ्या वळायला बसवलं. "आजी, ही गोल का ती?" प्रत्येक गोळीला! मेंढीच्या चाळीस हाडक्या दिल्या, नेमबाजी खेळ म्हटलं. तर म्हणे, "एकटी खेळले तर हरणार कोण?" तंबूत बसवलं, तर आतून हाक, "आजी, आहेस ना?" मी "आहे गं बाई" म्हणेपर्यंत घोडी पान्हा चोरायची. तिकडे दोरीला बांधलेली शिंगरं खूर आपटतायत, इकडे ही. तिसऱ्या दिवशी बादली अर्ध्यावर आली.

शेजारचा झपार वर्षातून तीनदा बोलतो. त्यातलं एकदा तेव्हा बोलला, "हिचा पायबंद कापला कोणी?"

पोर चालायला लागलं की आमच्यात त्याच्या पायांना काळापांढरा दोरा बांधतात. लोक शर्यत लावतात, पहिला येईल तो दोरा कापतो, आणि पोर त्याच्या वळणावर जातं. मीरिमचा कापला होता मीच! बक्षिसाला रेशमी रुमाल होता, मोह आवरला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी अशी पळाले की माझी सावली धापा टाकत मागनं आली. आणि मी कशी? ऐकायला कोणी नसलं तर किटलीशी बोलणारी.

"झपार, पुन्हा बांधते. तू काप," मी म्हटलं.

"छे," म्हणाला आणि गेला. दोन संपले.

तरी दोरा वळायला मी लोकर काढली, पोरीचे पाय जवळ घेतले.

"आजी, मी काय शिंगरू आहे?"

"हो. नीट बस."

तेवढ्यात करडी खिंकाळली, वेळ झाली होती. लोकर तिथेच टाकून मी धावले. मागनं हाक येईल म्हणून कान टवकारलेले. येईना. बादली अर्धी झाली, तरी येईना. लाथ नाही, हाक नाही, मला तर भीतीच वाटली. हळूच तंबूत डोकावले.

हाडक्या ओळीनं मांडलेल्या. एकेकीला दोरा बांधायची, दातानं तोडायची आणि सांगायची, "तुझा लांडग्यानं कापला, तू मटण चोरणार. तुझा झपारनं, तू गप्प बस. आणि तुझा आमच्या आजीनं, अरे देवा, तुझं काही खरं नाही!"

ऐकणारे चाळीस मिळाले होते तिला, माझी काय गरज? मी परतले, पाचही घोड्या पिळल्या आणि मागे वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी कुमिसची कातडी पिशवी टम्म भरली.

बरं, नान खाली ठेवते. मागे वळले नाही हे बनवलेलं. तीनदा गेले. तिसऱ्यांदा म्हटलं, "एक मी बांधू का गं?"

तर मान वर न करता म्हणाली, "आजी, जा ना, घोड्या वाट बघतायत!"