डॉक्टरला खिडकीचं कसं माहीत?

दृश्य. स्वयंपाकघरातलं टेबल. दुपार.

पात्रं: मी, म्हणजे ताई, रहस्यकथा लिहिते. धाकटा, माझा भाऊ, पटकथेत संवाद भरतो. पलीकडच्या खोलीत आई. तिला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने नको ते सगळं येतं.

"ताई, नुसतं नाव सांग. परवा शेवटचं शूटिंग आहे. अख्खं युनिट खोळंबलंय."

"कोणाचं नाव?"

"खुन्याचं! आणखी कोणाचं?"

"मला वाटलं, लेखकाचं."

धाकटा टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करू लागला.

(इथे मागचं थोडं सांगावं लागेल. धाकटा अशा जागी पडद्यावर धूर सोडतो. मी सरळ सांगते.)

मागचं, धुराशिवाय

आधी मी नुसत्या कादंबऱ्या लिहायचे. मुखपृष्ठावर पिस्तूल, नाहीतर बाईचा किंचाळणारा चेहरा. गोष्टीत पिस्तूल नसलं तरी मुखपृष्ठावर असायचंच. त्यातली एक सिनेमावाल्यांनी घेतली. त्यांना संवाद हवे होते, आणि संवाद मला जमत नाहीत. माझी माणसं मरतात छान, पण बोलतात पंचनाम्यासारखी. धाकटा तेव्हा फ्रिज विकायचा. न लागणारा फ्रिज लोकांच्या गळ्यात मारणारा माणूस काय गोड बोलत असेल! त्याला टेबलाशी बसवलं.

एकच अडचण होती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तोंड बंद ठेवलं तर चेहरा बोलतो. लहानपणी लपाछपीत मी जिथे लपायचे तिकडेच हा टक लावून बघायचा. पहिल्याच सिनेमात त्याला खुनी कळला आणि त्या बिचाऱ्या खुन्याच्या प्रत्येक वाक्याला अपराधाचा वास येऊ लागला. तेव्हापासून आमची पद्धत ठरली. कोणत्या दृश्यात कोण काय बोलणार ते मी सांगायचं, शब्दांना कपडे त्याने घालायचे. "का?" विचारायचं नाही. मेला कोण ते पहिल्या दिवशी कळणार, मारलं कोणी ते शूटिंगच्या शेवटी.

सगळे सिनेमे असेच केले. पडद्यावरच्या पाटीवर आधी माझं नाव वर, त्याचं खाली. मग त्याचं वर. मग माझं बारीक अक्षरात, सतरंजी पुरवणाऱ्यांच्या शेजारी.

या वेळी पोस्टर आलं. कथा, पटकथा, संवाद: धाकटा.

फोन

"अगं, निर्माता म्हणाला एकच नाव बरं दिसतं. आणि तू कुठे येतेस मीटिंगला? लोकांना चेहरा लागतो, ताई."

"माझा पडला का कुठे?"

"तू पण ना! घरातल्या घरात काय तुझं-माझं?"

(घरातल्या घरात खून कसे होतात यावर मी आयुष्यभर पोट भरलं आहे.)

त्याच आठवड्यात टीव्हीवर त्याची मुलाखत झाली. "शेवट मी कुणालाच सांगत नाही. निर्मात्यालाही नाही. ती माझी पद्धत आहे." मुलाखत घेणारी गालावर हात ठेवून ऐकत होती. माझा कोट त्याने अंगात घातला होता. खिशात काय आहे ते मात्र बघितलं नव्हतं.

वकील म्हणाला, खटला जिंकाल, पण निकाल नातवंडं ऐकतील. मला नातवंडं नाहीत. मी उठले.

मी रडले नाही, भांडी आपटली नाहीत. राग हे माझं रोजचं काम आहे. फक्त विचार केला, हत्यार कोणतं?

ते त्यानेच मला देऊन ठेवलं होतं.

पुन्हा तेच टेबल. तीच दुपार.

"चुकलं माझं," धाकटा म्हणाला. "पुढच्या सिनेमाला तुझं नाव पहिलं. आईची शपथ."

"आणि या?"

"आता छापून झालं गं सगळं."

पलीकडून आई ओरडली, "सांगून टाक की बाई! लहान आहे तो. मला तर केव्हाच कळलंय, तो मेला डॉक्ट—"

मी मिक्सर लावला. रिकामाच.

"आई काय म्हणाली?" धाकटा ओरडला.

"डॉक्टरकडे जायचंय म्हणते, गुडघ्यासाठी!"

मिक्सर बंद केला. भांडं तापलं होतं. त्यावर हात ठेवून मी म्हणाले, "पुतण्या."

"पुतण्या? इतकं सोपं?"

"सोपं तेच लोकांना पटतं. इस्टेट, कर्ज, भांडण. त्याला रडत कबुली देऊ दे. तुझ्या हातची कबुली म्हणजे काय, हॉलमध्ये रुमाल निघतील."

तो खूष होऊन गेला. जाताना दारात मागे वळून म्हणाला, "मला वाटलंच होतं." खोटं. त्याला कधीच काही वाटत नाही.

मी काय पेरलं होतं

सिनेमातला म्हातारा वरच्या मजल्यावर मरतो. मरायच्या आदल्याच दिवशी सुतार तिथे नवी खिडकी बसवून जातो. त्याचा मित्र, काठीवाला डॉक्टर, सगळ्यांना सांगत फिरतो की गुडघ्यामुळे मी वर्षानुवर्षं तो जिना चढलो नाही. आणि मध्येच कुठेतरी, खोलीत कोंदट होतंय म्हणणाऱ्या पुतण्याला तो सहज सांगतो, "ती खिडकी अर्ध्यावर अडते रे. खालून धक्का दे."

हे वाक्य मी सांगितलं आणि धाकट्याने लिहिलं. का, ते विचारलं नाही. आमची पद्धतच तशी.

प्रकाशक

"अहो बाई, सिनेमा लागतो त्याच दिवशी पुस्तक? लोक म्हणतील सिनेमाचीच गोष्ट."

"म्हणू द्या. शेवटचं प्रकरण वाचलंत?"

कागद उलटल्याचे आवाज. मग, "खिडकी! अहो, खिडकी!"

"हळू. आणि मुखपृष्ठावर पिस्तूल नको. खिडकी काढा. अर्धी उघडी."

दृश्य. सिनेमा सुटल्यावर. थिएटरच्या पायऱ्या.

(मी खांबाशी उभी. चेहरा कोणालाच माहीत नाही. लेखकाला त्याचाही उपयोग असतो.)

— पुतण्याच होता, मी म्हटलं नव्हतं?

— हो, पण डॉक्टरला खिडकीचं कसं माहीत?

— कुठल्या खिडकीचं?

— अरे, अडते म्हणाला ना तो. नवीन खिडकी! हा तर वर गेलाच नव्हता!

— लिहिणाऱ्याला विसर पडला असेल.

— एवढा मोठा लेखक आणि स्वतःचा खुनी माहीत नाही?

शेवटचं वाक्य मी घरापर्यंत तोंडात घोळवत नेलं.

आठवड्याभरात पुस्तकाची खिडकी सगळ्या दुकानांत दिसू लागली. वर एकच नाव. मुलाखत घेणाऱ्या त्याच बाईने धाकट्याला पुन्हा बोलावलं आणि गालावरचा हात काढून विचारलं, "डॉक्टरला खिडकीचं कसं माहीत?" त्याचा चेहरा कॅमेऱ्याने जवळून घेतला. सांगितलं ना, तो चेहरा बोलतो.

दृश्य. टेबल. दुपार.

धाकटा आला. हातात पुस्तक. दाढी वाढलेली. निर्मात्याने पुढचं काम काढून घेतलं होतं.

"माझं तोंड काळं केलंस, ताई."

"मी काय केलं? तू एकट्यानेच लिहिलास ना सिनेमा?"

"सख्ख्या भावाशी असं वागतात?"

"आधी तू सांग, सख्ख्या बहिणीशी कसं वागतात?"

तो बसला. पुस्तक टेबलावर ठेवलं. शेवटची पानं बोटांनी मळली होती.

"डॉक्टर जिना चढतो आणि काठी वाजत नाही तिथे..." तो स्वतःशीच म्हणाला, "काटा आला अंगावर." आणि क्षणभर त्याचा चेहरा लपाछपीतल्या पोरासारखा उजळला. मग त्याला आठवलं की आपण भांडायला आलो आहोत.

पलीकडून आई म्हणाली, "आता झालं ना? मिटवा पोरांनो!"

मी चहा टाकला. दोन कप. तो लगेच सैल झाला. खुर्ची पुढे ओढली, जुन्या सवयीने कोपरं टेबलावर आली.

"नवीन काय चाललंय?"

"आहे एक."

"मला दे संवाद. पाटीवर नाव नको माझं. मेला कोण?"

ते त्याला मी नेहमीच आधी सांगत आले आहे.

"एक भाऊ," मी म्हणाले. "धाकटा."

त्याचा कप बशीवर वाजला.

"आणि... मारतं कोण?"

"चहा घे," मी म्हणाले. "निवतोय."